वजन कुठल्या पायावर

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

नाही म्हणालो. सरळ नाही.

आईने परत विचारलं. मी ताट ढकललं — आमटी भिंतीवर. तिने फडकं आणलं, भिंत पुसत पुसत म्हणाली, "राणी एकटी हाय. वीरधवल तिकडं जम्मूला. सासरा पडला तर तिनं उचलायचा कसा? पंच्याण्णव किलोचं धूड हाय ते."

"पडू दे की! डोकं फुटू दे!"

"जया."

एवढंच. तिने नुसतं नाव घेतलं तरी मी दहा वर्षांचा होतो. उठून बाहेर गेलो.

राणीचा सासरा, वीरधवलचा बाप, म्हणजे लालासाहेब वस्ताद. त्याला कंपवात झालाय. डावा हात थरथरतो, चालताना मध्येच पाय जमिनीला चिकटतात. सांगलीत विश्रामबागेत रुक्सार नावाच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर आहेत. त्या अशा आजाऱ्यांना नाच शिकवतात म्हणे! टँगो. अर्जेंटिनातला. दोघांनी छातीला छाती लावून, मिठीत चालायचं. त्याने चिकटलेले पाय सुटतात. प्रत्येक आजाऱ्याला एक जोडीदार लागतो, धरून ठेवील असा.

आणि तो मी. ज्याने माझा भाऊ मारला त्याला मी मिठी मारायची — दर रविवारी!

आई त्याच्या घरी दर गुरुवारी कालवणाचा डबा पोचवते. दोन वर्षं झाली. का, ते विचारलं की तोंडाला कुलूप.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कोरेगाव. खोलीवर.

लिहून ठेवतो. नंतर मन बदललं तर वाचायला.

डिसेंबर २०२२. सांगलीला जिल्ह्याची निवड चाचणी. पहिल्या दिवशी एकसष्ट किलो गट. मी पहिला आलो. दुसऱ्या दिवशी सत्तावन्न — त्यात धाकटा, बिरदेव. त्याचं अंगचं वजन चौसष्ट. आठ दिवसांत सात किलो तोडायचं होतं. तालमीच्या मागच्या कोठीत शेगडी, अंगाला प्लास्टिक, वरून घोंगडं, पाणी बंद. फोनवर म्हणाला, "वस्ताद म्हणालेत सत्तावन्न. त्या गटात तालमीचं कोण न्हाई. हुतंय की दादा, एवढं काय!" आवाज असा, जणू तोंडात कापूस. मी जिंकल्याचं मटण खात होतो. म्हटलं, बरं, उद्या भेटू.

सकाळी वजनाला आलाच नाही. कोठीचं कुलूप काढलं तर भिंतीला टेकून बसलेला. जीभ काळी, वाळल्या चामड्यासारखी. वय एकवीस.

पोलिसांनी अकस्मात मृत्यू लिहिला.

दहाव्याला मी म्हाताऱ्याचे पुढचे दोन दात पाडले. नदीवर, सगळ्यांसमोर. तो हात वर न करता उभा राहिला. मी मारत राहिलो. लोकांनी ओढून काढलं तेव्हा माझ्या बोटांचं सालपट निघालं होतं. तक्रार त्याने केली नाही. पायरीवरून पडलो म्हणाला. तालीम त्याने आपणच बंद केली.

त्या एकसष्टच्या प्रमाणपत्रावर मला इथल्या शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी लागली. शिट्टी मारतो, कवायत घेतो. त्यानंतर अंगाला माती लावली नाही.

आज कवायत घेताना डोक्यात आलं — मिठी म्हणजे मान हाताशी. छातीला छाती. आणि खाली फरशी. ढाक मारायला एवढंच लागतं. एका हातात मान, एका हातात दंड, कंबर आत, पाय आत, आणि फेक. मातीवर माणूस उठून अंग झाडतो. फरशीवर नाही. आणि तो तसाही रोज पडतोच. कोण काय म्हणणार?

आईला फोन केला. येतो म्हणालो. ती रडली बहुतेक.

रविवार, १७ नोव्हेंबर

पहिला तास.

राणीने गाडी चालवली. म्हातारा पुढे, मी मागे. सगळा रस्ता त्याच्या मानेकडे बघत होतो. पूर्वी त्याला मान नव्हतीच, डोकं थेट खांद्यावर. आता दोन शिरा आणि मध्ये खड्डा.

हॉल वर्गाएवढा. पांढरी फरशी. पाच आजारी, पाच जोडीदार. बाकी सगळी नवरा-बायको. एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको सारखी भांडत होती — "अहो, माझा पाय आहे तो!" "मग उचल की तुझा!"

रुक्सार मॅडम पस्तिशीच्या असतील. आवाज खणखणीत. त्यांच्या अब्बांना हाच आजार होता, त्यांच्यासाठी पुण्याला जाऊन हे शिकल्या. म्हणाल्या, "या मिठीला तिकडे आब्रासो म्हणतात."

म्हाताऱ्याने मान हलवली. "आब राखा. बराबर हाय. म्होरच्याचा आब राखायचा."

सगळे हसले. मॅडमही. "तसंच समजा, वस्तादकाका!" आता सगळा वर्ग आब राखा, आब राखा करतोय. मला हसू आलं नाही.

मग म्हणाल्या, समोरासमोर उभे राहा. झालं! म्हातारा वाकला आणि फरशीवरून बोटं फिरवली — माती घ्यायला. माती नाही हे कळल्यावर रिकामाच हात कपाळाला लावला. आणि मी? मीही कंबरेत वाकलेला. डावा पाय पुढे, हात त्याच्या मानेवर, त्याचा माझ्या. कपाळाला कपाळ. खडाखडी सुरू! कसं झालं ते दोघांनाही कळलं नाही.

मॅडम धावत आल्या. "अहो, अहो! कुस्ती नाही ही!"

"ह्यास्नी दुसरं येतंय काय?" राणी म्हणाली.

मॅडमनी माझा हात त्याच्या मानेवरून उचलला आणि पाठीवर ठेवला. "मान धरायची नाही, जयराजसर. मान मोकळी सोडायची."

बघू.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची ड्युटी. एक जण रांग मोडून घुसला, वर अंगावर आला. त्याचा हात पिळला. खांदा वाजला तेव्हा बरं वाटलं. होमगार्डने सोडवलं. केंद्राध्यक्ष म्हणाले, सर, तुम्ही शाई लावा, बाकी बघू नका.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज हात नाहीत. हात पाठीमागे धरायचे. दोघांच्या छातीच्या मध्ये वर्तमानपत्राचं एक पान, आणि चालायचं. मी पुढे, तो मागे मागे. पान पडू द्यायचं नाही. जास्त दाबलं तर चुरगळतं, सोडलं तर घसरतं.

आमचं फाटलं. तीनदा.

"तुम्ही त्यांना ढकलताय, जयराजसर," मॅडम म्हणाल्या. "पाऊल टाकायच्या आधी जागच्या जागी डुला. इकडे, तिकडे. आधी कळू दे वजन कुठल्या पायावर आहे. डोळ्यांनी नाही बघायचं. छातीने."

वजन कुठल्या पायावर! मी थिजलोच. हे वाक्य मी अकरा वर्षांचा असताना ऐकलंय. याच म्हाताऱ्याच्या तोंडून. डोळ्यांना टॉवेल बांधायचा, छातीला छाती लावायची आणि विचारायचा — "सांग, वजन कुठल्या पायावर हाय?" चुकलं की कानाखाली. पाच वर्षांचा बिरदेव तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या काठावर बसून माझ्या आधी ओरडायचा — "डावाऽऽ!" त्याचं कधी चुकलं नाही.

म्हाताऱ्यालाही आठवलं असणार. माझ्याकडे बघून हसला. दातांच्या जागी फट. मी केलेली.

फाटलेलं पान बोळा करून खिशात घातलं. हात शिवशिवत होते.

रविवार, १ डिसेंबर

आज उलट. तो पुढे, मी मागे. मी डोळे मिटायचे.

मिटले नाहीत. याच्यासमोर? मॅडमनी तीनदा सांगितलं. शेवटी रुमाल आणला. मी रुमाल हिसकावून फेकला. पोस्टमास्तरांच्या बाई "अगंबाई" म्हणाल्या. गाण्यातला तो पेटीसारखा बाजा कण्हत राहिला.

म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मॅडम. उघड्या डोळ्यानं यिऊ दे त्याला. बघू दे मला."

परत येताना पलूसच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीमागे अर्धा तास अडकलो. राणी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती. एकदम म्हणाली, "भावजी, एक सांगू? तुमी आल्यापासनं मामंजी जेवतात. आदी ताट परत यायचं."

याचं मी काय करू?

गुरुवार, ५ डिसेंबर

शाळा सुटल्यावर मैदानावर उड्यांची गादी उभी करून ढाकेचा सराव. पन्नास वेळा. दोन वर्षांत अंग जड झालंय, पण कंबर अजून येते. चाळिसाव्याला गादीची शिवण उसवली. फेकताना दर वेळी एक आवाज काढतो. माझाच आहे, पण ओळखू येत नाही.

हॉलच्या खिडकीखाली एक पायरी आहे. सिमेंटची, धार असलेली. मान नेमकी त्यावर यायला हवी. तिथपर्यंत चालत न्यायचं. आता तेवढं नेता येतं. मॅडमनीच शिकवलं.

रविवार, ८ डिसेंबर

तास नाही. म्हातारा न्हाणीत पडला. कपाळावर टेंगूळ. मी बघायला गेलो — घाबरलो होतो. तो मरेल म्हणून नाही. माझ्या हाताविना मरेल म्हणून.

दाराशी आईच्या चपला. आत ती त्याच्या कपाळाला हळद लावत होती. माझ्या आईचा हात, त्या कपाळावर!

तिथेच उंबऱ्याजवळ तांब्या होता, लाथ मारली. भिंतीवर आपटून चेपला. आईने वळून बघितलं नाही. म्हातारा म्हणाला, "मनुबाई, जावा घरी. पोरगं तापलंय."

पोरगं!

रविवार, १५ डिसेंबर

झुकती मिठी. ही सगळ्यात अवघड म्हणे. दोघांनी एकमेकांवर कलायचं, जसे दोन पत्ते एकमेकांना टेकून उभे राहतात. एकाने अंग चोरलं की दुसरा पडणार. कानशिलाला कानशील. दोन माणसं आणि वजन एकच.

म्हाताऱ्याने लगेच वजन दिलं. पंच्याण्णव किलो — आता कमी असेल, ऐंशी. छाती भात्यासारखी चालत होती. त्याचा हात माझ्या पाठीवर थरथरत होता, मग थांबला. खरंच थांबला. मॅडम सगळ्यांना हळू आवाजात दाखवत होत्या, "बघा, बघा, कंप थांबला."

मला म्हणाल्या, "काका देताहेत. तुम्ही देत नाही. खांबाला टेकल्यासारखं झालंय त्यांना."

देणार नाही. माझं वजन माझ्याजवळ.

त्याच्या अंगाला अजून तालमीचा वास येतो. तेल, हळद, ताक. बिरदेवच्या अंगालाही हाच यायचा. बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं आणि नळाची तोटी उपटली. रुक्सार मॅडमना सांगून आलो, दुरुस्त करून देईन. त्या म्हणाल्या, "तोटीचं राहू द्या, सर. तुम्ही कुणाला मारायला येता इथे?"

मी म्हणालो, काय विनोद करता मॅडम.

त्या हसत नव्हत्या.

बुधवार, १८ डिसेंबर

बिरदेवला दोन वर्षं होतील. या रविवारी.

रविवार, २२ डिसेंबर

लिहून काढतो. जसं झालं तसं.

चौथं गाणं. झुकती मिठी. मी त्याला खिडकीकडे नेत होतो. लहान पावलं, जागच्या जागी डुलून, मग एक पाऊल. सगळं शिकवल्यासारखं. पायरी त्याच्या मागे दोन हातांवर. बाकीचे आपापल्यात. राणी बाहेर फोनवर.

उजवा हात पाठीवरून वर सरकवला. मानेवर. तो खड्डा बोटांना लागला. डाव्या हातात त्याचा दंड. वजन त्याच्या उजव्या पायावर होतं — छातीला कळलं. कंबर आत घातली.

त्यालाही कळलं. ज्याने ढाक शिकवली त्याला नाही कळणार?

त्याचं तोंड माझ्या कानाशी. फटीतून वारा जातो, शब्दाबरोबर शिट्टी वाजते. अगदी हळू म्हणाला, "पाय अजून आत घे. उघडा ऱ्हायलाय. असा मारलास तर तूबी पडशील."

आणि अंग सोडलं. सगळं. पोत्यासारखं नाही — देतात तसं दिलं.

"मार रं," म्हणाला. "लय दिस झालं वाट बघतोय."

मी पाय आत घेतला! त्याने सांगितला तसाच घेतला! कंबर उचलली. त्याच्या टाचा सुटल्या, मला माहीत आहे, सुटल्या होत्या. मान माझ्या कोपराच्या बेचक्यात. कानात गरगर. आता फक्त वळायचं. पन्नास वेळा वळलोय.

आणि माझे पाय चिकटले. त्याचे चिकटतात तसे. दोन्ही. हलेनात! दात खाल्ले, जोर केला. नाही.

हॉलच्या दुसऱ्या टोकावरून मॅडमचा आवाज आला, शांत — "जयराजसर, वजन कुठल्या पायावर आहे?"

मला सांगता येईना.

किती वेळ तसे उभे होतो कोण जाणे. मग त्यानेच डुलायला सुरुवात केली. इकडे, तिकडे. माझ्या कंबरेवर अधांतरी असलेला म्हातारा मला डुलवत होता! पाय सुटले. त्याच्या टाचा खाली टेकल्या. आम्ही चाललो. पायरीपासून लांब.

पोस्टमास्तरांच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आम्ही काहीतरी नवीन बसवलंय.

सोमवार, २३ डिसेंबर

शाळेत शिट्टी तोंडात धरून उभा राहिलो. वाजवलीच नाही. मुलं वाट बघून आपोआप ओळीत उभी राहिली.

गुरुवार, २६ डिसेंबर

त्याला मरायचं होतं आणि माझ्या हातून मरायचं होतं. म्हणजे मी मारलं असतं तरी त्याचंच काम केलं असतं! हे डोक्यात आलं आणि खोलीतली खुर्ची भिंतीवर फोडली. घरमालक वर आले. "कोण हाय रं आत?" कुणी नाही, म्हणालो. खरंच होतं.

एक प्रश्न राहिलाय. तो दोन वर्षांत एकदाही विचारला नाही. मारलं, शिव्या दिल्या, विचारलं नाही.

रविवार, २९ डिसेंबर

गेलो. मॅडमनी आम्हाला खिडकीपासून लांब उभं केलं.

मिठीतच विचारलं. समोरासमोर विचारता आलं नसतं. मिठीत तोंड दिसत नाही, ते एक बरं आहे.

"सत्तावन्न का? चौसष्टचं पोरगं. सात किलो का तोडायला लावलेत?"

त्याचे पाय थांबले. हात परत थरथरायला लागला. गाणं संपलं तरी आम्ही तसेच. मॅडमनी दुसरं लावलं.

"कोठीला कुलूप मी लावलं," तो म्हणाला. "पाणी मागत हुता, दिलं न्हाई. सकाळी प्यायाचं म्हणलो. त्ये माझं. त्येच्यापायी तू काय बी कर."

"मी सत्तावन्न का विचारलं."

दातांच्या फटीतून शिट्टी वाजत होती.

"त्ये मनुबाईस्नी इच्यार. मला तोंड उघडायची चोरी हाय."

सोमवार, ३० डिसेंबर

शाळेत गेलो नाही. आईला विचारलं.

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"वस्ताद एकसष्टच म्हणत हुतं. बिरदेवच आडून बसला. म्हणला, एकसष्टात दादा हाय, दादाला नोकरी लागायचीया, मी त्येच्या म्होरं उभा ऱ्हाणार न्हाई. आन वस्तादास्नी सोताच्या गळ्याची आण घातली, दादाला कळू द्यायचं न्हाई म्हणून."

भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

"मला वस्ताद तिसऱ्या दिशी यिऊन सांगून गेलं. तू दात पाडलंस त्येच्या आदी."

येत्या रविवारी वस्तादांना न्यायला मीच जाणार. साडेनऊला. राणीवहिनींना तसं कळवलं.